डेझर्ट इनविषयी लिहिताना

चि. सायली,



प्रकल्पासाठी लास व्हेगासचं ‘डेझर्ट इन’ निवडलंस, छान केलंस. विषय भुरळ घालणारा आहे, म्हणूनच हे पत्र.

विल्बर क्लार्कपासून सुरुवात कर. १९४७ साली त्याने बांधकाम काढलं, पण पैसे संपले आणि भर वाळवंटात अर्धवट सांगाडा उभा राहिला. मग क्लीव्हलंडचा मो डॅलिट्झ आणि त्याचे साथीदार पुढे आले. दारूबंदीत चोरट्या दारूवर गबर झालेली ही माणसं. २४ एप्रिल १९५० ला हॉटेल सुरू झालं तेव्हा पाटीवर नाव क्लार्कचंच होतं, गल्ला मात्र त्यांच्या हाती. हा व्यवहार नीट उलगडून दाखव.

अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजचा किस्सा सगळेच सांगतात. वरचे मजले अडवून बसला, ‘जागा सोडा’ म्हणाले तर १९६७ मध्ये हॉटेलच विकत घेतलं. दोन ओळींत आटप.

तुझी पानं खर्च होऊ देत ती हॉटेलच्या वरच्या ‘स्काय रूम’ या बारवर. १९५१ पासून नेवाडाच्या चाचणी मैदानावर, शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, अणुबॉम्ब फुटू लागले. लोक तिथे रात्रभर पीत, गप्पा मारत जागायचे आणि पहाटे काचेबाहेरचं आभाळ पांढरंफटक झालेलं बघायचे. वारा व्हेगासकडे नसेल असा मुहूर्त धरला जाई. मग किरणोत्सारी धूळ जाई युटाकडे, सेंट जॉर्जसारख्या गावांवर. १९५३ मध्ये तिकडच्या मेंढपाळांची जनावरं हजारोंनी मेली. माणसांना भरपाई देणारा कायदा व्हायला १९९० उजाडलं. सायली, हॉटेलची रंगत लिहिताना या गावांना तळटीपेत ढकलू नकोस. मला ते सहन होणार नाही.

तसंच कृष्णवर्णीय कलावंतांचं. ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांत त्यांनी रात्री रंगमंच गाजवायचा आणि झोपायला वेस्टसाइड या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीत जायचं. मार्च १९६० मध्ये हॉटेलमालक आणि नागरी हक्कांचे नेते यांच्यात समझोता झाला, तेव्हा कुठे दारं उघडली.

इमारत आता नाही. २००० च्या ऑगस्टमध्ये हॉटेल बंद झालं, पुढे पाडलं, तिथे ‘विन’ हॉटेल उभं आहे. पण तुझ्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या कामगारांच्या, वेस्टसाइडच्या रहिवाशांच्या मुलाखती आहेत. मालकांची चरित्रं नंतर वाच, आधी त्या ऐक. मसुदा झाला की पाठव. मी बारकाईने वाचीन.

तुझी,
आत्या