नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

नाव ठेवणे हा आमच्याकडे आत्याचा मान आणि नावे ठेवणे हा उरलेल्या सगळ्यांचा. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, ऑफिसात मी दिवसभर नावंच ठेवतो," तेव्हा मला वाटले, पोरगा अगदी माझ्या बहिणीवर गेला! पण तो लिनक्सच्या कर्नलवर काम करतो. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मुख्य कारभारी, लष्करातला नव्हे. (हा विनोद त्याने आधीही ऐकला असावा.)

बोर्डावर कोणते भाग बसवले आहेत, हे या कारभाऱ्याला पुष्कळदा आपोआप कळत नाही. म्हणून त्याला 'डिव्हाइस ट्री' नावाचा उतारा लिहून देतात. आपला सातबाराच म्हणा ना! त्यातल्या प्रत्येक गुणधर्माच्या नावाचे सोवळे कडक. इंग्रजी अक्षरे लहान लिपीतली, शब्दांमध्ये आडवी रेघ, खालची रेघ वर्ज्य. गुणधर्म एखाद्या कंपनीचा खास असेल, तर आधी कंपनीचे संक्षिप्त नाव आणि मग स्वल्पविराम. वेळ सांगायची तर मिलिसेकंद की मायक्रोसेकंद, तेही नावाच्या शेपटीतच. म्हणजे हजारपटीचा घोटाळा नको. आमच्या बँकेत हजाराचा फरक आला तर कॅशियरचे जेवण जाते, तेव्हा हे मला पटले.

"पण एवढी हुज्जत कशाला रे?"

"मामा, नाव एकदा स्वीकारलं की ते वचन. यंत्र विकून दहा वर्षं झाली, तरी त्याच्यातला जुना उतारा नव्या कर्नलला वाचता आलाच पाहिजे."

फ्रीस्केल ही कंपनी २०१५ साली एनएक्सपीत विलीन झाली, पण तिच्या वंशातल्या चिपांपुढे अजून 'एफएसएल' लागते. झोपलेल्या यंत्राला उठवणाऱ्या भागासाठी पूर्वी कुणी 'लिनक्स,वेकअप' लिही, कुणी आणखी काही. पुढे सर्वांसाठी 'वेकअप-सोर्स' ठरले. नव्याने लिहिणाऱ्याने तेच लिहायचे. मात्र जुने नाव घेऊन आलेल्याला परत पाठवायचे नाही.

इथे माझा चहा निवला. आदल्याच मंगळवारी मी एका आजींना परत पाठवले होते. वडिलांनी काढून दिलेल्या खात्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे; पहिले नावसुद्धा वेगळे. "या दोघींतल्या तुम्ही कोण?" असे विचारून मी दाद घ्यायला रांगेकडे पाहिलेही होते. आजी म्हणाल्या, "दोन्ही मीच की रे बाबा."

नियम माझ्या बाजूचा होता. कर्नलला फसवून कुणी पैसे नेत नाही, बँकेला नेतात. पण आजींनी नाव बदललेच कुठे होते? ते तांदळात अंगठीने दुसऱ्यांनी लिहिले. मग पुराव्यांसाठी खेपा त्यांनीच का घालायच्या? कर्नलमध्ये जुने नाव सांभाळायचे ओझे नाव बदलणाऱ्यावर असते.

सोमवारी आजी लग्नाचा दाखला घेऊन आल्या. मी उठून खुर्ची दिली, अर्ज स्वतः भरला. 'पूर्वीचे नाव' असा रकाना त्यात आहे, पानाच्या मागच्या बाजूला. वीस वर्षांत मी पान उलटले नव्हते.

पेन हातात धरून आजी थांबल्या. "सही कुठल्या नावाची करू?"

"जुन्याच," मी म्हणालो. त्यांनी अक्षर न् अक्षर जपून काढले. मागे रांग वाढत होती.