साचा आपल्याकडे, दस्त त्यांच्याकडे

चि. सोनूस,



तुझा कालचा निरोप वाचला. भाडेकराराचा मसुदा तू पक्षकाराला मेलने पाठवलास, त्यांनी अनामत रक्कम 50,000 ची 60,000 केली आणि अक्षरी रक्कम मात्र ‘पन्नास हजार’ तशीच राहिली. सह्या व्हायच्या आधी तुझ्या लक्षात आलं, हे फार बरं झालं. आपल्या ऑफिसात आकडा बदलून बटण दाबलं की अक्षरी रक्कम बदलते, मग त्यांच्याकडे का नाही, असं तू विचारलंस. तो साचा निवृत्तीआधी मीच बांधला होता, त्यामुळे उत्तर देणं माझ्यावरच येतं.

आपला साचा वर्डची डॉटएम प्रकारची फाइल आहे. त्यातून नवा दस्त उघडला की मजकूर, मथळे, स्टाइल्स सगळं दस्तात उतरतं. बटणामागचे मॅक्रो उतरत नाहीत. ते साच्यातच राहतात आणि दस्तात फक्त साच्याचा पत्ता नोंदला जातो, अमुक ड्राइव्हवरचा अमुक फोल्डर. आपल्याकडे तो पत्ता सापडतो म्हणून बटण चालतं. पक्षकाराकडे तो सापडत नाही, तेव्हा वर्ड आपला नेहमीचा ‘नॉर्मल’ साचा वापरतं आणि दस्त दिसतो मात्र जसाच्या तसा. चकल्यांचा डबा शेजारी दिला म्हणून सोऱ्या त्यांच्या घरी जात नाही, तसंच हे.

डॉकएम म्हणून सेव्ह केलं की मॅक्रो बरोबर जातील, असं तुला कुणीतरी सांगेल. जात नाहीत. त्या फाइलीत मॅक्रो ठेवता येतात, पण साच्यातले मॅक्रो आपणहून तिच्यात येत नाहीत. एक्सेलमध्ये मात्र साच्यातून उघडलेल्या वहीत तेही उतरतात, म्हणून एक्सेलवर हात बसलेली माणसं इथे हमखास चुकतात.

मग साचाच सोबत पाठवू का, असं तू विचारलंस. नको, सोनू. एकदा मी एका पक्षकाराला मॅक्रो असलेली फाइल पाठवली आणि खाली लिहिलं, ‘पिवळी पट्टी दिसेल, तिच्यावरचं बटण दाबा.’ त्यांनी विश्वासाने दाबलं. काही आठवड्यांनी त्यांना कुणाचं तरी खोटं बिल आलं, तशीच पट्टी दिसली, त्यांनी तेही दाबलं आणि त्यांच्या हिशेबाच्या फाइली गेल्या. ती सवय मी लावली होती, हे मी आजही विसरलेले नाही. 1999 साली मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला. दस्त उघडला की तो आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा, आणि ओळखीच्या माणसाकडून आलेला म्हणून लोक तो उघडायचे. 2022 पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो वर्ड मुळातच अडवतं. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याला ती अडवणूक काढायला सांगायची नाही.

बटणाचं काम आपल्याकडेच पूर्ण करायचं आणि बाहेर फक्त तयार दस्त जाऊ द्यायचा. मजकूर अंतिम असेल तर पीडीएफ. त्यांना दुरुस्त्या करायच्या असतील तर साधी डॉकएक्स फाइल, पण रकमेच्या दोन्ही जागा कंटेंट कंट्रोलमध्ये घालून कुलूपबंद कर; ते कुलूप दस्ताबरोबर जातं. मेलमध्येही लिही की रक्कम बदलायची असेल तर कळवा, आम्ही बदलून देऊ.

साच्याचा पत्ताही पाठवायच्या प्रतीतून काढ. त्यात कधी आपल्या माणसाचं नाव असतं, कधी दुसऱ्या पक्षकाराच्या फोल्डरचं. शिवाय पत्ता बंद पडलेल्या सर्व्हरचा असेल तर वर्ड तो शोधत बसतं. आपला जुना सर्व्हर काढला तेव्हा जुने करार उघडायला किती वेळ लागायचा, ते मला आठवतं. डेव्हलपर टॅबमध्ये डॉक्युमेंट टेम्पलेट उघड, पत्ता पुसून तिथे ‘नॉर्मल’ लिही आणि स्टाइल्स आपोआप बदलण्याची खूण काढून टाक. ती खूण राहिली तर समोरच्याचा नॉर्मल साचा आपल्या मथळ्यांचे आकार बदलू शकतो.

फॉन्टचंही पाहा. जुने करार श्रीलिपीतले आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. नवं सगळं युनिकोडमध्येच कर.

ऑफिसातल्या इतरांना मात्र साचा जरूर दे, पण मेलने नको. सामायिक फोल्डरमध्ये एकच प्रत ठेव, सर्वांच्या वर्डमध्ये वर्कग्रुप टेम्पलेट्स म्हणून तोच फोल्डर दाखव आणि त्यात लिहिण्याचा हक्क एकाच माणसाकडे ठेव.

आज सकाळी आधी त्या पक्षकाराला फोन कर. त्यांच्याकडची प्रत काढून टाकायला सांग, 60,000 ची अक्षरी रक्कम स्वतः वाचून बघ आणि मग नवी प्रत पाठव.

तुझी
मावशी