मोजणी

मारेगाव तालुक्यातल्या एका गावात दोघे भाऊ होते. बाप गेला तशी वाटणी झाली. काळी कसदार जमीन निम्मी-निम्मी, बैल थोरल्याला, विहीर सामाईक आणि म्हातारी सहा-सहा महिने. सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते दोन शेतांमधल्या धुऱ्यावर. हातभर जागेसाठी दोघांनी मोजणीचे पैसे भरले, भूमी अभिलेखचा माणूस आला, दगड रोवून गेला. तरी एकाला वाटे दगड इकडे सरकलाय, दुसऱ्याला वाटे तिकडे. शेवटी कोर्ट.

मार्चअखेर कापसाची शेवटची वेचणी झाली आणि पऱ्हाटी उपटायची वेळ आली. पूर्वी ती चुलीला लागायची, घरामागं तिची गंजी असायची. गॅस आला तसं तिला कुणी विचारेना. आपल्या शेतातली जागा अडायला नको म्हणून दोघांनीही ढीग धुऱ्यावरच रचला. एरवी तिथं ढेकूळ पडलं तरी भांडण. कचऱ्यापुरता मात्र धुरा दोघांचा होता.

थोरल्यानं काडी ओढली, धाकट्यानं वाळलं तण पुढं सारलं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्यातला कापूस पोखरला, तेव्हापासून जाळलं की अळी मेली, हे दोघांच्या डोक्यात पक्कं. अळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत दडून राहते, हे खरंच. म्हणूनच पऱ्हाटी साठवू नका, यंत्रानं बारीक करून मातीत गाडा, असं कृषी खातं सांगतं. पण काडेपेटी स्वस्त पडते.

ढीग रात्रभर धुमसला. धुऱ्यावरचा निंब, ज्याच्या सावलीचीही वाटणी व्हायची होती, एका अंगानं करपला. वारा पडला होता. धूर गावावर उतरून बसला. अर्धवट ओली पऱ्हाटी, त्यात खताची रिकामी प्लास्टिकची पोती. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, ढीग मोठा असेल तर २५,०००, असं राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच सांगितलंय. त्या गावात अशी पावती फाटल्याचं कुणाला आठवत नाही. धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसात उतरतात.

म्हातारी तेव्हा धाकट्याकडं होती. पहाटे तिला धाप लागली.

मारेगावच्या दवाखान्यात तिला वाफेचा मास्क लावला. बाहेर बाकावर दोघांची जुंपली.

"तुह्या ढिगाचा धूर होता, भाऊ."

"अन् तुह्यी पऱ्हाटी काय उदबत्ती होती?"

आवाज आत गेला. म्हातारीनं मास्क बाजूला केला.

"काहून भांडता रे? मोजणीवाल्याले बलवा. माह्या छातीत थोरल्याचा धूर किती अन् धाकट्याचा किती, दगड रोवून जाईन थो."

नर्सनं मास्क परत चढवला.

पुढच्या हंगामात दोघांनी मिळून भाड्यानं ट्रॅक्टरवरचं श्रेडर आणलं. ट्रॅक्टर आधी कुणाच्या शेतात, यावरून तासभर बोलाचाली झाली, मग चिठ्ठी टाकली. पऱ्हाटीचा भुगा दोन्हीकडच्या मातीत गेला. धुऱ्याचा खटला अजून चालू आहे.