चौक कुणाचा?

जुन्या गॅझेटिअरात भोर संस्थानाचं क्षेत्रफळ 925 चौरस मैल दिलं आहे, म्हणजे सुमारे 2,400 चौरस किलोमीटर. युरोपातला लक्झेंबर्ग हा अख्खा देश 2,586 चौरस किलोमीटरचा. आकारानं जवळपास सारखी ही दोन राज्यं. एक आजही स्वतंत्र आहे, तर दुसरं 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. मला मात्र दोन्हीकडच्या चौकांविषयी बोलायचं आहे.

लक्झेंबर्ग शहरातल्या प्लास गियोम या चौकाच्या जागी पूर्वी फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत मठ गेला आणि जागा शहराच्या हाती आली. आता तिथे नगरपालिकेची इमारत आहे, 1884 मध्ये बसवलेला ग्रँड ड्यूक दुसऱ्या गियोमचा अश्वारूढ पुतळा आहे आणि बुधवारी-शनिवारी भाजीबाजार भरतो. राजवाडा जवळच, थेट रस्त्याला लागून. तोही मुळात नगरसभेची इमारत म्हणून बांधलेला! ग्रँड ड्यूक तिथे राहायला आला तो नंतर.

भोरचे राज्यकर्ते पंतसचिव, त्यांचा राजवाडा 1869 चा. लाकडी खांबांच्या सोप्यांमधला त्याचा चौक आपण सगळ्यांनी कितीतरी चित्रपटांत पाहिला आहे. पण हा चौक वाड्याच्या पोटात आहे. आपल्या वाडाबांधणीत आभाळ घरात घेतात. मावळातल्या पावसाला आणि उन्हाला हे उत्तम उत्तर आहे, आणि तितकंच ते सत्तेचं शिस्तबद्ध रूपही आहे. आत यायचं तर आधी देवडी ओलांडायची, आणि देवडीवर थांबवणारा कुणीतरी असतोच. तिकडच्या चौकात माणूस सहज चालत येतो. इकडच्या चौकात तो बोलावल्यावर येतो. रामनवमीच्या उत्सवाला भोरकर इथे जमतात, पाळणा होतो, कीर्तन होतं. त्या दिवसांत चौक गावाचा होतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण उत्सवात पाहुणा असणं वेगळं आणि जागेवर हक्क असणं वेगळं.

वेल्ह्याच्या बाजूला, राजगडावर, याच्या उलट घडलं आहे. स्वराज्याची ही पहिली राजधानी. पद्मावती माचीवरच्या बहुतेक वाड्यांची आता जोतीच उरली आहेत. भिंती गेल्या आणि मोकळी जागा सर्वांची झाली. गुंजवण्यातून चढून आलेला कुणीही तिथे बसतो; पूर्वी तर देवळात मुक्कामही करायचा. जागा लोकांची व्हायला इमारत पडावीच लागते का? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण भोरचा वाडा उभा राहावा अशीच माझी इच्छा आहे.

आतल्या चौकाची मालकी हा कायद्याचा विषय. वाड्यासमोरची जागा मात्र गावाची आहे. तिथली वाहनं हटवून सावली द्यावी, बसायला दगडी कट्टे घालावेत. राजारामांच्या काळातल्या शंकराजी नारायणांपासूनच्या सचिवांचा इतिहास तिथे लिहावा; आणि शेजारीच, तितक्याच मोठ्या अक्षरांत, संस्थानी प्रजेसाठी जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांचाही.