सांगायला काय आहे तुझ्याकडे?

खाली बस, आणि तो मोबाइल आधी उलटा ठेव. तुझी आई परवा मला भेटली. भिशी लागली तेव्हा तिनं अठरा हजार रुपये विश्वासानं तुझ्या हातात ठेवले, आणि तू ते ‘तीन महिन्यांत घरबसल्या महिना लाख’ असं छातीठोक सांगणाऱ्या कुणा यूट्यूब कोर्सवाल्याला पाठवून मोकळा झालास. ती बाई सुभाषनगरात दुसऱ्याच्या कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालते. एका जोडामागं तिच्या हातात काय पडतं ते तुला माहीत आहे. त्या हिशेबानं अठरा हजार म्हणजे किती जोड, हे आज घरी जाऊन कागदावर मांड आणि तो कागद मला दाखव.

चॅनल काढू नकोस असं मी म्हणत नाही. म्हातारा मास्तर, याला नव्या जगातलं काय कळतं, असा चेहरा करू नकोस. तुझं चॅनल मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं आहे. यूट्यूबचे नियमही वाचले आहेत, आणि तू ते वाचलेले नाहीत. माझा सगळा राग तिथून सुरू होतो. ज्या धंद्यात आईचा पैसा घातलास, त्याचे नियम वाचायला तुला एक संध्याकाळ मिळाली नाही? ते फुकट वाचता येतात. कोर्सवाल्यानं त्यातलं अर्धं सांगितलं, तेही त्याच्या सोयीचं.

५०० सबस्क्रायबर झाले की पैसे सुरू होतात, असं त्यानं सांगितलं ना? त्या टप्प्यावर, बाकीच्या अटीही पुऱ्या झाल्या तर, प्रेक्षकांनी स्वतःच्या खिशातून काही दिलं तर ते घेण्याची सोय होते. जाहिरातीतला वाटा नाही. त्यासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं. शॉर्ट्सच्या वाटेनं जायचं तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. तू महिनाभर शॉर्ट्स टाकत बसलास आणि तास का वाढत नाहीत म्हणून मित्रांना विचारत फिरलास.

आता गणित कर, कॉमर्सला आहेस. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला तर ८०,००० वेळा कुणीतरी बघायला हवं. तुझ्या व्हिडिओवर लोक किती थांबतात? तूच आलेख दाखवलास, सरासरी चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांनी भागलंस की आकडा ३,६०,००० वर जातो. हा भागाकार सातवीतलं पोर करेल. तू केला नाहीस, कारण उत्तर काय येईल याची तुला भीती होती.

आणि एवढं करून मिळालं, तरी जाहिरातीच्या पैशांतले ५५ टक्के तुझे, शॉर्ट्सवर ४५. हजार व्ह्यूजला अमुक इतके रुपये, असा कुठलाही बांधलेला दर नाही. बघणारा कुठं बसलाय, विषय काय आहे, जाहिरात देणारा कोण आहे, महिना कुठला आहे, त्यावर तो वरखाली होतो. १०० डॉलर साठल्याशिवाय खात्यावर एक पैसा येत नाही. त्याच्या आधी घरच्या पत्त्यावर पोस्टानं एक पिन येतो, तो भरावा लागतो. अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरावा लागतो. यातलं एक अक्षर तुला ठाऊक नव्हतं, आणि ईएमआयवर नवा फोन मात्र घेतलास.

हजार सबस्क्रायबर विकत घेतलेस, तेही मला कळलं. तो आकडा खोटा आहे, यूट्यूबच्या नियमात बसत नाही, आणि ती खाती तुझा एक मिनिटही बघणार नाहीत. कुणाला फसवलंस? आधी स्वतःलाच.

व्हिडिओंचं तर बोलायलाच नको. हिंदी सिनेमातले तुकडे कापलेस, त्यावर मशीनचा आवाज चढवलास आणि खाली लिहिलंस, ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’. त्या एका ओळीनं चोरी माफ होते असं कोणत्या शाळेत शिकवलं? माझ्या वर्गात तरी नाही. मालकाचं नाव माहीत असूनही माल उचलला, एवढीच कबुली त्यात आहे. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनल बंद. तुझ्यावर एक आलाय, तू तो घरी लपवलास. बरं, मालकानं काही आक्षेप घेतला नाही असं धरू. तरीही दुसऱ्याचं जसंच्या तसं वापरलेलं आणि एकाच साच्यातून ढिगानं काढलेलं यूट्यूबवाले कमाईला पात्र धरत नाहीत. जुलै २०२५ मध्ये त्या नियमाची भाषा त्यांनी आणखी स्पष्ट केली. म्हणजे तू उद्या लाख सबस्क्रायबर गोळा केलेस, तरी तपासणीत तुझं चॅनल बाहेरच बसेल.

इथपर्यंतचं मी समजून घेतलं असतं. अज्ञान आहे, वय आहे, शिकेल. पण पावसाळ्यात तू जे केलंस ते मला समजून घेता येत नाही.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना, म्हणजे इशारा पातळीला टेकली होती. धोक्याची पातळी ४३. त्या मधल्या चार फुटांत सगळं कोल्हापूर जीव मुठीत धरून तासातासाला आकडा विचारत असतं. तुझं घर इथलंच, तुला हे शिकवावं लागू नये. त्या रात्री तू ऑगस्ट २०१९ च्या महापुरातली एक क्लिप उचललीस, तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलंस, ‘राधानगरीचे सगळे दरवाजे उघडले, आज रात्री शहर पाण्यात’, आणि टाकलीस. प्रयाग चिखलीला माझ्या एका विद्यार्थिनीचं सासर आहे. तिची सासू सत्तरीची. २०१९ ला त्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. नातवाच्या मोबाइलवर तुझा व्हिडिओ बघून ती रात्री दीडला उठली, गोठ्यातल्या म्हशींची दावी कापली आणि अंधारात, भर पावसात त्यांना हाकत रस्त्याला लागली. बांधावर पाय घसरला, मनगट मोडलं. पाणी गावात शिरलं नाही. दुसऱ्या दिवशी तू मित्रांना स्क्रीनशॉट पाठवलास, ‘सगळ्यात जास्त व्ह्यूज’.

माझ्याकडे बघ. ते व्ह्यूज कसले होते, आता समजलं? ज्यांनी एकदा पुरात सगळं घालवलंय त्यांची भीती तू वापरलीस. तो व्हिडिओ तू अजून काढून टाकलेला नाहीस. आत्ता, माझ्यासमोर काढ. आणि त्या जागी तुझ्या स्वतःच्या तोंडानं, स्वतःचा चेहरा दाखवून सांग, की तो जुना होता आणि मी खोटं लिहिलं होतं.

मिसळीच्या व्हिडिओचंही तेच. हॉटेलवाल्याकडून पैसे घेतलेस, जेवण फुकट घेतलंस, आणि ‘कोल्हापुरातली एक नंबर’ म्हणून सांगितलंस. पैसे घेऊन केलेली जाहिरात ही जाहिरात आहे असं स्पष्ट सांगायला हवं. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेनं २०२१ मध्येच तशी नियमावली काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेव. ती मिसळ तुला आवडली होती का? नाही ना? मग?

‘सर, चांगला कॅमेरा असता तर’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या बाजूनं तू रोज गाडी काढतोस. तो कुणासाठी उभा केलाय? बाबूराव पेंटरांसाठी. ते नाटकाचे पडदे रंगवायचे. त्यांनी आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव यांनी सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा कॅमेरा विकत मिळण्याची सोय नव्हती, पहिलं महायुद्ध चालू होतं. म्हणून त्यांनी तो स्वतः बनवायला घेतला. यंत्र खोलायचं, समजून घ्यायचं, याच गावातल्या कारागिरांकडून सुटे भाग घडवून घ्यायचे. १९१६ ला आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. १९१८ ला कॅमेरा चालू झाला आणि १९२० ला ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. मधली वर्षं मोज. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा दिला, म्हणजे तिथंही एका बाईचा कष्टाचा पैसा होता. त्या माणसांना चित्र काढता येत होतं, रंग कळत होता, पडद्यावरचा उजेड कळत होता. कॅमेरा त्यानंतर आला. तुझ्या हातातला फोन त्यांच्या त्या कॅमेऱ्यापेक्षा किती पुढचा आहे. तुझ्यात कमी काय आहे ते मी सांगतो: तुला कोणतीच एक गोष्ट तळापासून येत नाही. दोन विषयांत एटीकेटी आहे ती याचमुळं, आणि चॅनल चालत नाही तेही याचमुळं.

तू मला ‘आपली आजी’ या चॅनलचं उदाहरण दिलंस. चांगलं दिलंस, पण ते नीट बघितलं नाहीस. सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी २०२० मध्ये नातवाबरोबर चॅनल सुरू केलं आणि काही महिन्यांत ते लाखो लोकांपर्यंत गेलं. तू फक्त ‘काही महिन्यांत’ एवढंच ऐकलंस. त्या बाईंनी त्याआधी सगळी हयात चुलीपुढं काढली होती. मसाला किती भाजायचा, तेल कधी सुटतं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. यूट्यूब म्हणजे काय, ते नातवानं शिकवलं. ज्ञान एकाचं आणि कॅमेरा दुसऱ्याचा, अशी ती जोडी होती. तुझ्याकडे फक्त कॅमेरा आहे. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचं चॅनल हॅक झालं होतं, मोठ्या खटपटीनं परत मिळालं. तू तर तुझा पासवर्डच ‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्या कोर्सवाल्याला दिलास! आज रात्री झोपायच्या आधी तो बदल, दोन टप्प्यांची पडताळणी चालू कर, आणि जाहिरात देतो म्हणून अनोळखी मेलवर आलेली फाइल उघडायची नाही.

मागं जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव आधी घेतलं नाही. गावभर संताप झाला. तूही व्हिडिओ केलास, दुसऱ्यांच्या बातम्यांचे तुकडे जोडून, ओरडून. तेव्हा मी तुला विचारलं होतं, अस्सल जोडाचं कातडं कशानं कमावतात? तुला सांगता आलं नाही. बाभळीची साल आणि हिरडा. तळ कशानं शिवतात? खिळा न मारता, चामड्याच्याच वादीनं. कान कशाला म्हणतात, कापशी जोड वेगळा कसा ओळखायचा, २०१९ चं भौगोलिक मानांकन कुठल्या जिल्ह्यांना आहे? महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, हेही तुझ्या कानावर नव्हतं. तुझी आई दोन हात अंतरावर वेणी घालत होती. तिची बोटं कशी फिरतात, चामडं आधी ओलं का करतात, वेणी सैल पडली तर महिन्याभरात काय होतं, हे तिला एकदा तरी विचारलंस? जगातली माणसं त्या दिवसांत हेच शोधत होती, आणि तू त्यांना ओरडा ऐकवलास.

म्हणून लगेच घरी जाऊन आईसमोर फोन धरू नकोस, ते मी चालू देणार नाही. आधी शिक. जवाहरनगरात आणि तुमच्या गल्लीत अजून म्हातारे कारागीर आहेत ज्यांना कातडं हातात घेतल्याबरोबर कळतं. त्यांच्याकडे महिनाभर जाऊन बस, रापी हातात घे, एक जोड स्वतः कर. वाकडा झाला तरी चालेल. रोज वहीत लिही. माहिती देणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचा चेहरा दाखवायचा नाही, आणि उद्या त्यातून चार पैसे आलेच तर त्याचा वाटा त्याच्या हातात ठेवायचा. पहिल्या वर्षात काही मिळेल असं मी तुला सांगणार नाही. कॉलेज सोडायचं नाही, दोन्ही विषय या परीक्षेत सुटले पाहिजेत. फोनचे हप्ते तू भर. संध्याकाळी दुकानावर काम मिळतं का ते मी विचारतो, महाद्वार रोडला माझ्या ओळखीचे दोघे आहेत.

आणि अठरा हजारांचा विषय आपण असा सोडायचा नाही. कोर्सवाल्यानं उत्पन्नाची हमी देऊन पैसे घेतले आहेत, तर जाब विचारता येतो. पैसे पाठवल्याचा बँकेचा मेसेज, त्याची ती जाहिरात, त्याच्याशी झालेलं सगळं चॅटिंग, एकही ओळ न पुसता, प्रिंट काढून उद्या सकाळी आठला माझ्याकडे घेऊन ये. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आपण इथूनच लावू, आणि फसवणूकच आहे असं दिसलं तर १९३० वर सायबरची तक्रार करू. येताना आईला बरोबर आण. तक्रारीत काय लिहितोय ते तिलाही वाचून दाखवायचं आहे.