दोष कुणाचा, कारण कोणते

एकॉन्ड्रोप्लेजिया हा अस्थिवाढीचा दुर्मिळ आनुवंशिक विकार असून, त्यात लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेचे, म्हणजे पुढे हाड होणाऱ्या लवचीक ऊतीचे, हाडात होणारे रूपांतर मंदावते. त्यामुळे दंड व मांड्या आखूड राहतात, धड मात्र जवळपास नेहमीच्या लांबीचे होते, कपाळ पुढे येते, नाकाचे मूळ बसके राहते आणि मधले बोट व अनामिका यांत फट पडून पंजा त्रिशूळासारखा दिसतो. तान्हेपणी कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असल्यास झोपेत श्वास अडू शकतो, म्हणून हे लक्षण सर्वांत आधी तपासावे लागते. बुद्धीला या विकाराचा स्पर्श होत नाही.

वैद्यकाचे काम या नोंदीने भागते, पण घरातला पहिला प्रश्न वेगळाच असतो: दोष कुणाचा? भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतच नव्हे, तर महाराष्ट्रभर गरोदर बाईला ग्रहण पाळायला लावतात, आणि मुलाच्या अंगात काही उणे निघाले की तिने त्या वेळी विळी हातात धरली होती का, याची चौकशी होते. सुश्रुतसंहितेने गर्भिणीचे डोहाळे न पुरवल्यास कुबडे किंवा खुजे मूल होते असे सांगून निदान बोट घराकडे वळवले. चरकसंहितेने त्याही पलीकडे जाऊन, बीजाचा जो भाग बिघडतो त्यातून होणारा अवयव बिघडतो, असे म्हटले, आणि तेथे नैतिक दोषाऐवजी केवळ कारण उरले.

त्याच भोरजवळच्या भाटघर धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचले की कुणाच्या हुकमाशिवाय उघडतात. हाडांची वाढ आवरणारे एफजीएफआर३ हे जनुकही असेच एक दार आहे. मात्र या विकारात ते वाढ रोखणाऱ्या स्थितीतच अडकून राहते, हे १९९४ साली उलगडले. शिवाय सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात, कारण जनुकातला बदल त्या मुलापासूनच सुरू झालेला असतो. त्याच्या पुढच्या पिढीत तो उतरण्याची शक्यता मात्र निम्मी असते. ज्याला बहुतेकदा पूर्वजच नसतो अशा विकारासाठी कुळाचा दोष शोधणे व्यर्थ आहे.

मग प्रारब्धाचे, म्हणजे संचितातील फळ देऊ लागलेल्या कर्माचे, काय? तो शब्द माणसाने स्वतःचे दुःख सोसताना उच्चारावा. दुसऱ्याच्या लेकराकडे बोट दाखवून उच्चारला, की सिद्धान्त संपून शिक्षा सुरू होते.

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राचे अंग आठ ठिकाणी वाकडे झाले ते पित्याच्या शापाने, आणि तो शाप पडला पठणातील चूक गर्भातून दाखवल्याबद्दल. म्हणजे कथेनेही पाप मुलाच्या माथी मारले नाही. समंगा नदीत उतरल्यावर त्याचे अंग सरळ झाले खरे, पण जनकाच्या यज्ञात त्याने बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवले ते त्याआधी, आठही बाक अंगावर असताना. आणि द्वारपालाने त्याला अडवले होते ते वाकड्या अंगासाठी नव्हे, वय लहान म्हणून.