दहावी पेशी

पावसाळ्यात करी रोडच्या आमच्या चाळीत नळाजवळची फरशी निसरडी होते. बाबा खराट्याने शेवाळ खरवडत होते.

"बाबा, यातलं बरंचसं शेवाळ नसतंच. उन्हावर जगणारे जिवाणू असतात. नायट्रोजन संपला की त्यांतले काही प्रकाश पकडणारी आपलीच रंगद्रव्यं पचवतात, पिवळे पडतात आणि महिनोन्महिने निपचित राहतात. नायट्रेट मिळालं की दोनेक दिवसांत पुन्हा हिरवे."

"ब्याऐंशीच्या गिरणी संपात निम्मी चाळ अशीच गावी जाऊन पडली. ती काही पुन्हा हिरवी झाली नाही."

"अ‍ॅनाबीना या तशाच जिवाणूची तऱ्हा निराळी. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच्यावर खूप काम झालंय. पेशींची माळ असते. उपासमार झाली की साधारण दर दहावी पेशी दिवसभरात बदलते. जाड भिंत बांधते, प्राणवायू सोडणं बंद करते, कारण नायट्रोजन पकडणारं विकर प्राणवायूने निकामी होतं. मग हवेतला नायट्रोजन पकडून शेजारणींना पुरवते. पण तिच्यापासून नवी पेशी कधीच होत नाही."

खराटा थांबला. "ताई," बाबा म्हणाले.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा आत्या नववीत होती. जूनमध्ये ती शाळेत गेलीच नाही. आजीबरोबर खानावळीच्या पोळ्या लाटायला बसली. बाबा आणि काका शिकले.

"तिला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही. आपणहून बसली. त्याचंच मला आजवर बरं वाटायचं."

"माळेतही वरून हुकूम येत नाही. जी आधी बदलू लागते तीच शेजारणींकडे प्रथिनाचा बारीक तुकडा सोडते, म्हणून त्या बदलत नाहीत."

"म्हणजे त्यागच की."

"नाही. पेशीला मन नाही, आणि माळेतल्या सगळ्यांचा वारसा एकच. आत्याला मन होतं. आपण तिला त्यागमूर्ती म्हणतो ना, त्या शब्दाने आपला हिशेब मिटतो. माळेत तसं नाही. ती पेशी स्वतःची साखर बनवू शकत नाही. शेजारणी तिला शेवटपर्यंत पुरवतात. आणि सुरुवातीच्या काही तासांत अमोनिया मिळाला तर ती मागे फिरू शकते."

बाबा बराच वेळ गप्प होते. "मला नोकरी लागली तेव्हा ती सव्वीसची होती. रात्रशाळा होत्या. मी विचारलं नाही."

"आता विचारा."

"ती म्हणेल, आता कशाला? आणि खरं सांग, आता विचारलं तर ते तिच्यासाठी, की माझ्यासाठी?"

मला उत्तर सुचलं नाही. "तरी विचारा," एवढंच म्हणाले.